ओटच्या दुधातली दशमी आणि पाच ट्राउट

पत्रक आधी लिहून झालं, छापून झालं, आणि मग मी ज्याच्याविरुद्ध लिहिलं होतं ते बघायला निघाले. आमच्या चळवळीत हा क्रम कुणाला उलटा वाटत नाही. निषेध करायला बघावं लागतं असं थोडंच आहे?

मी राहते सिडनीत गिरावीनला, नोकरी करते वेस्टमीडच्या एका लॅबमध्ये, आणि उरलेल्या वेळात प्राण्यांसाठी भांडते. आमच्या गटात आठ जण आहेत. लायब्ररीच्या एका खोलीत दर पंधरवड्याला जमतो. पत्रकं लिहायचं काम माझं, कारण फियोना, म्हणजे आमची प्रमुख, म्हणते की माझ्या इंग्रजीत राग चांगला उतरतो. या खेपेचं पत्रक होतं 'कुंपणातले शूरवीर'. मासे विकत आणून तळ्यात सोडायचे आणि गिऱ्हाइकांनी ते गळाने धरायचे. हरणं कुंपणात पाळायची आणि पाहुण्यांनी ती मारायची. ही मर्दुमकी नव्हे, फसवणूक आहे, असं मी चार पानांत सात वेळा म्हटलं होतं. रानातल्या जनावराला निदान पळायला जागा असते, असंही म्हटलं होतं. आम्ही अर्थात रानातल्या शिकारीच्याही विरुद्ध आहोत, पण तो राग फियोनाने पुढच्या पत्रकासाठी राखून ठेवला होता.

निमित्त असं होतं की डोंगरापलीकडे, चार तासांवरच्या एका गावात, हरणं पाळणाऱ्या एका शेतकऱ्याने शिकारीचं रँच काढायची परवानगी मागितली होती. मेच्या शेवटच्या सोमवारी दुपारी तीनला कौन्सिलपुढे सुनावणी. हरकत घेणाऱ्याला बोलायला तीन मिनिटं. बोलणार मी. भाषण पाठ होतं. मग फियोनाने सहज विचारलं, तू असलं एखादं ठिकाण बघितलंयस ना? मी म्हटलं, बघणारच आहे. आणि शुक्रवार-सोमवारची रजा टाकली.

अडचण एकच होती. बाबा. आई पुण्यात ताईच्या बाळंतपणात अडकल्यामुळे ते एकटेच तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आले होते. गुहागरकडे पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेला माणूस. चाळीस वर्षं सुट्टीच्या दिवशी खाडीच्या खडकावर बसून गरवत आला. गरी म्हणजे गळ, आणि गळाने मासे धरणं म्हणजे गरवणं. आमच्याकडे हा छंद नसतो, स्वभाव असतो. मी सहा वर्षांपूर्वी मासे सोडले आणि घरी सगळ्यांना एक लांबलचक पत्र पाठवलं, ज्यात 'मारेकरी' हा शब्द दोनदा होता. तेव्हापासून आमच्या फोनवरच्या बोलण्यात मासा हा शब्दच आला नव्हता. पाऊस, नातेवाईक, पासपोर्ट, सगळं यायचं. मासा नाही.

म्हटलं, बाबा, चला. तुम्हाला तळं दाखवते. त्यांनी इतकंच विचारलं, गोडं पाणी का खारं?

शुक्रवार, शॅरनचं तळं

वाटेत खायला मी दशम्या केल्या होत्या. दशमी दुधात भिजवतात हे मला माहीत आहे. पण मी दूध घेत नाही, म्हणून ओटच्या दुधात भिजवल्या. डोंगर चढून वर थांबलो तेव्हा बाबांनी एक खाल्ली, दुसरी परत फडक्यात गुंडाळली आणि म्हणाले, प्रवासात कमी खाल्लेलं बरं.

तळं म्हणजे मेंढ्यांच्या रानात खणलेला शाळेच्या मैदानाएवढा खड्डा. काठाला प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कॉफीची गाडी, पोरांची गर्दी. मालकीण शॅरन, साठीच्या आसपासची, गुडघ्यापर्यंत गमबूट, येणाऱ्या प्रत्येकाला 'डार्ल' म्हणणारी. दारात पाटी: जो मासा लागेल तो घेऊन जायचा, पाण्यात परत सोडायचा नाही. मी पाटीचा फोटो काढला. खुर्च्यांचे काढले. तळ्यात सोडायचे ट्राउट मासे आणणाऱ्या ट्रकच्या चाकांचे ठसेसुद्धा काढले. चाळीस मिनिटं मी फोन धरून तळ्याभोवती फिरत होते, तेव्हा शॅरन जवळ आली आणि विचारलं, तू कौन्सिलकडून आलीयस का?

मी म्हटलं, छे, आम्ही मासे धरायला आलोय.

पुसलेला स्टँप पुन्हा चिकटवून आणणाऱ्याकडे बाबा काउंटरमागून जसे बघायचे, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. शॅरनने दोन रॉड आणले. बाबांनी हात जोडून नको म्हटलं आणि खुर्चीत बसले. एक रॉड माझ्या हातात राहिला.

आता माझी अक्कल ऐका. रॉड धरायचा, पण मासा लागू द्यायचा नाही, असं मी ठरवलं. शॅरनच्या डब्यातलं आमिष नको, त्यात माशांचंच पीठ असतं. ते तत्त्वात बसत नाही. नुसता गळ टाकला तर तिला संशय येईल. मग मला दशमी आठवली. जी बाबांनीसुद्धा दुसरी खाल्ली नाही ती परदेशी मासा कशाला खाईल? मी तुकडा मोडला, मळून गोळी केली, गळाला लावली आणि निर्धास्त मनाने पाण्यात सोडली.

दोरी लगेच ताठ झाली.

पहिला मासा वर आला तेव्हा मी रॉड सोडून पळणार होते, पण शॅरनने मागून धरलं. ती मासा सोडवते, लाकडाच्या छोट्या दांडक्याने एकदा मारते, बादलीत टाकते, आणि हे सगळं करताना तुमच्या आईवडिलांची चौकशी करते. मी म्हटलं, बास, झालं. ती म्हणाली, हात लागलाय तर सोडू नकोस. मी गोळी मोठी केली, म्हणजे तोंडात मावणार नाही. दुसरा लागला. गोळी सैल केली, म्हणजे पाण्यात विरघळेल. तिसरा तर जास्तच मोठा. माझ्या प्रत्येक युक्तीला एकेक मासा मेला. शेजारचे लोक स्वतःचे रॉड ठेवून बघायला आले. पाचवा झाल्यावर दशमी संपली म्हणून थांबलं, नाहीतर तळं रिकामं झालं असतं.

दिवसाची सगळ्यांत चांगली शिकार माझी ठरली. शॅरनने बादलीसकट मला उभं केलं आणि फोटो काढला. फोटो म्हटला की मी हसते, ही सवय पासपोर्टच्या ऑफिसातही सुटली नव्हती. तिने तो तिथल्या तिथे छापून शेडच्या भिंतीवर लावला आणि खाली मार्करने लिहिलं: 'पाच ट्राउट. आमिष: इंडियन ब्रेड.'

गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "कणकेची गोळी हे सगळ्यांत जुनं आमिष. आमच्याकडे लहान पोरांना शिकवताना तेच देतात."

"मग आधी सांगायचं ना, बाबा!"

"तू विचारलंस कुठे?"

संध्याकाळी कॅराव्हॅन पार्कातल्या केबिनमध्ये बाबांनी मासे साफ केले. मी तोंड फिरवून बसले होते. पाच जीव घेऊन झाल्यावर तोंड फिरवायला तसा उशीरच झाला होता. मागे सुरीचा आवाज येत होता, तो थांबला. मी वळून बघितलं. दोन माशांच्या पोटात गाबोळी होती. अंडी, केशरी, मटाराच्या दाण्याएवढी, पोट भरून.

मला वाटलं, हे खूश होणार. गाबोळी तळून खाणं हे बाबांचं जगातलं सर्वांत आवडतं काम. ते म्हणाले, "आपल्याकडे गाबोळीचा महिना म्हणजे बंद महिना."

मला माहीत होतं आणि मी विसरले होते. पावसाळ्यात मासे अंडी घालायला खाडीत शिरतात. तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी घरात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर पाण्यात उतरायचं. बाबांची गरीही त्या दिवसांत कौलांत खोचलेली असायची.

"गाबोळी आवडते म्हणूनच तेव्हा धरायची नाही," ते म्हणाले. मग त्यांनी गिरावीनच्या दुकानातून आणलेलं कोकम घालून सार केलं, दोन घास खाल्ले, आणि मान हलवली. "चव नाही. विकतच्या खाद्याच्या गोळ्या खाऊन वाढलेला मासा. तुझ्या पत्रकात हे घाल."

मी म्हटलं, चव हा आमचा मुद्दा नाही. सहा वर्षांत माशांवर आम्ही बोललेलं ते पहिलं धड संभाषण.

शनिवार, डगचं कुंपण

रँच काढायला निघालेला शेतकरी डग हा शॅरनचा सख्खा भाऊ निघाला. तिनेच आदल्या दिवशी मोठ्या मायेने पत्ता दिला होता: तुम्ही दोघं एवढे शौकीन आहात, माझ्या भावाकडे जाच, तो आता शिकारीचं सुरू करतोय. ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याच्या घरी मी त्याच्या बहिणीची शिफारस घेऊन गेले. खोटं बोलायचीही गरज पडली नाही. हे मला खोटं बोलण्यापेक्षा वाईट वाटलं.

डग राक्षस असेल अशी मला आशा होती. तो उंच, लाजाळू, उन्हाने भाजलेल्या मानेचा माणूस होता आणि त्याने बाबांना गाडीत पुढे बसवलं. कुंपण दोन पुरुष उंच. आत एक मचाण, मचाणाला पायऱ्या, वर गादीची खुर्ची, समोर मका सांडणारं पिंप. डगने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, आता बघा. पिंपाची घंटा वाजली आणि झाडीतून हरणं चालत आली. पळत नाही, चालत, शाळेच्या सुट्टीतल्या पोरांसारखी रांगेने. एकाने बाबांच्या हातातला मका खाल्ला.

पाहुणा खुर्चीत बसणार, घंटा होणार, हरण येणार. रिकाम्या हाताने कुणी परत जाणार नाही, डग म्हणाला. माझ्या पत्रकातलं प्रत्येक वाक्य खरं ठरत होतं. मी इतकी रागावले की मला बरं वाटायला लागलं.

बाबा हरणाच्या मानेवर हात ठेवून उभे होते. मला म्हणाले, "याला विचार, माद्या कधी वितात?"

मी विचारलं. डिसेंबरात, डग म्हणाला.

"आणि तेव्हा बंद ठेवणार ना?"

तेही मी विचारलं. डगला प्रश्नच कळला नाही. बंद? ख्रिसमसच्या दिवशी बंद, म्हणाला. बाकी डिसेंबर-जानेवारी तर पोरांच्या सुट्ट्या, तेव्हाच सगळ्यांत जास्त लोक येणार.

बाबा "हं" म्हणाले. बाबांचं हं मी लहानपणापासून ओळखते. त्यानंतर घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोलायचं नाही. पण मी ते वहीत लिहून घेतलं नाही. माझं भाषण शौर्य या विषयावर होतं, बाळंतपणावर नव्हे.

रविवार, नदी

बाबांना खरी नदी हवी होती. वळण डगनेच सांगितलं होतं, लायसन्स फोनवरून काढलं, रॉड शॅरनने उसना दिला होता. अशा रीतीने मी शत्रुपक्षाच्या सामानानिशी रविवार घालवला.

थंडी अशी की गवत बुटाखाली मोडत होतं. बाबा माझं लॅबचं जाकीट घालून गुडघाभर पाण्यात चार तास उभे राहिले. काही लागलं नाही. एकदा दोरी हलली, तेवढं. मी काठावर बसून भाषण घोकत होते: रानातल्या माशाला वाव असतो, रानातला मासा स्वतंत्र असतो. तेवढ्यात आठवलं, आदल्या दिवशी डग सांगत होता की या नदीतले ट्राउटही हॅचरीतून, म्हणजे मासे पैदा करायच्या केंद्रातून, आणून सोडतात आणि ट्राउट मुळात या देशाचा मासाच नव्हे. घोकणं थांबलं. बाबांना सांगितलं.

"म्हणजे तोही तुझ्यासारखा पीआरवाला, बाहेरून येऊन कायमचा राहिलेला," बाबा म्हणाले आणि गळ पुन्हा टाकला.

"मग फरक काय राहिला, बाबा? तळ्यातला सोडलेला, नदीतलाही सोडलेला. माझं सगळं भाषण गेलं."

ते पाण्यातून बाहेर आले, बूट घातले आणि मला पुलापाशी घेऊन गेले. तिथे सरकारी पाटी होती, ती त्यांनी येतानाच वाचली होती. जूनच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत या नदीत ट्राउट धरायला बंदी; ती लागायला अजून काही दिवस होते. बाबा त्या पाटीपुढे देवळात उभे राहावं तसे उभे होते. मग त्यांनी तिचा फोटो काढून गुहागरच्या मित्रांना पाठवला. ऑस्ट्रेलियात येऊन त्यांनी घरी पाठवलेला तो पहिला फोटो. ऑपेरा हाऊसचाही पाठवला नव्हता.

"सोडलेला असो, नाहीतर जन्मलेला," म्हणाले. "चार महिने त्याच्या वाटेला कुणी जात नाही. एवढाच फरक."

सोमवार, सभागृह

कौन्सिलच्या हॉलमध्ये पुढे पाच सभासद, समोर पंधरा-वीस माणसं, कडेला चहा आणि नारळाच्या किसात घोळवलेला केक. बाबांनी केक खाल्ला आणि नारळ ओला नाही म्हणाले. डग इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. मला बघून त्याने हात हलवला. त्याला वाटलं, मी त्याच्या बाजूने आले आहे.

माझं नाव पुकारलं. मी हरकत घेणार म्हटल्यावर डगचा हात खाली आला. माझ्या भाषणाचं पहिलं वाक्य होतं: मौजेसाठी मी आजवर एकही जीव घेतलेला नाही.

ते मी म्हटलं. आणि मागून शॅरनचा आवाज आला, "अगं, ही तर आपली पाच ट्राउटवाली!"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला खरोखर आनंद झाला होता. तिने फोन काढून शेजारणीला फोटो दाखवला, शेजारणीने पुढच्याला, आणि माझा बादलीसकट हसरा चेहरा हातोहात सगळ्या हॉलमधून फिरून सभासदांपर्यंत पोचला. लोक हसले. डग मात्र हसला नाही, हे मी विसरणार नाही. सभापतीबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, तुमची दोन मिनिटं उरलीत, पुढे बोलायचंय का?

हातातल्या कागदावर शौर्य, फसवणूक, स्वातंत्र्य सगळं होतं, आणि त्यातला एकही शब्द त्या फोटोपुढे उच्चारण्यासारखा नव्हता. मी बाबांकडे बघितलं. ते मदत करत नव्हते. बोटाला लागलेला नारळाचा कीस झटकत होते. मग मी डगकडे वळले आणि माझ्याकडे उरलेला एकच प्रश्न विचारला, जो माझा नव्हता.

"डग, तुझा बंद महिना कुठला?"

तो पहिल्यांदा म्हणाला तेच म्हणायला लागला, ख्रिसमस. मी सांगितलं की पुलापाशी नदीची पाटी आहे, तिथे चार महिने लिहिलेत. तुझ्या माद्या डिसेंबरात वितात हे तूच सांगितलंस. मग डिसेंबरात घंटा वाजवून कुणाला बोलावणार?

डगने आपल्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाला की त्याची आई होती तोवर डिसेंबरात खालच्या रानात कुणाला जाऊ देत नसे, कुत्र्यालासुद्धा नाही. का, ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

माझी मिनिटं संपली. मी बसले. बाबा कानात म्हणाले, "पाणी पी."

घरी आल्यावर

तीन आठवड्यांनी निकाल आला. डगला परवानगी मिळाली, एका अटीवर: नोव्हेंबर ते फेब्रुवारी शिकार पूर्ण बंद. अट त्याने स्वतःच सुचवली होती, असंही त्यात लिहिलं होतं.

लायब्ररीतल्या बैठकीत फियोनाने निकाल मोठ्याने वाचला. आम्ही बंदी मागायला गेलो आणि तू शिकारीला सुट्ट्या लावून आलीस, म्हणाली. रँच आता आधीपेक्षा जास्त सभ्य दिसणार आणि ते तुझ्यामुळे. ती बरोबर आहे. चार महिने हरणं सुखाने वितील हेही बरोबर आहे. सध्या पत्रकं दुसरं कुणीतरी लिहितं. मी खुर्च्या लावते.

बाबा जुलैत परत गेले. आता फोनवर मासा येतो. बोय किती आली, तांबोशी कुणाला लागली, आणि मी हं म्हणते.

गेल्या आठवड्यात शॅरनचा निरोप आला. भिंतीवरचा फोटो बघून लोक त्या ब्रेडबद्दल विचारतात, कृती पाठवशील का, डार्ल? मला आयतीच संधी वाटली. मी कळवलं, पाठवते, पण तळं एक महिना बंद ठेवायचं. तिचं उत्तर पाच मिनिटांत आलं: नो वरीज, कुठला महिना ठेवू?

मी बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "अंदाजाने ठरवायचं नसतं. तिचे मासे अंडी कधी घालतात ते आधी विचार."

मी विचारलं. चार पानांचं पत्रक लिहिलं होतं, पण हे विचारलं नव्हतं. शॅरनने कळवलं की अंडी पोटात धरतात, पण घालत नाहीत. त्यांना वाहतं पाणी आणि खडी लागते, ती तळ्यात कुठून येणार? अंडी तशीच पोटात राहतात. नवे मासे ट्रकने येतात.

हे बाबांना वाचून दाखवलं. पलीकडे खाडीवरचा वारा ऐकू येत होता.

"मग त्यांचा महिना कुठला, ते मला नाही सांगता यायचं," ते म्हणाले. "ते तूच बघ."

दशमीची कृती मी अजून पाठवलेली नाही.